पुरुषांच्या बिनटाका नसबंदीचा रिव्ह्यू (सरकारी हॉस्पिटल, सांगली जिल्हा), साडेतीन स्टार

लोकं बिर्याणीला स्टार देतात, जिमला देतात, पेट्रोल पंपाच्या हवेला पण देतात, पण मी गेल्या दिवाळीत या गोष्टीचा मराठीत एखादा रिव्ह्यू मिळतोय का म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत शोधत बसलो तर एक पण नाही. मिळालं काय, तर ताकद वाढवायच्या गोळ्यांच्या जाहिराती आणि आरोग्य खात्याचं ते पोस्टर, नवरा बायको दोन पोरं हसत उभी. म्हणून आता मीच लिहितो. नाव टाकत नाही, हॉस्पिटलचं पण टाकत नाही, तिथल्या माणसांनी चांगलं केलं ते पण आणि चुकलं ते पण सांगणार आहे, उगं कुणाला त्रास नको.

आधी माझं सांगतो. वय ३७, तासगाव बाजूचं गाव, मोबाईल रिपेरिंगचं दुकान, घरची दोन एकर द्राक्षबाग आहे ती आण्णा बघतात म्हणजे माझे वडील. दोन मुली, एक आठची एक चारची. हॉस्पिटल मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातलं धरलं, ओळखीचं कोण भेटायला नको म्हणून. आणि केसपेपरच्या लाईनीत माझ्या पुढं कोण, तर आमच्याच गल्लीतला माणूस, मेहुण्याला कुत्रं चावलं म्हणून इंजेक्शनला घेऊन आलेला. म्हणला तू इकडं कुठं, म्हणलं दाढ दुखतीय. तेवढ्यात आतून सिस्टर ओरडल्या, नसबंदीवाले कोण आहेत ते इकडं या. लाईनीत मी एकटाच हललो. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय, मेहुणा पाय धरून दोघांकडं बघतोय. गावात बातमी माझ्या आधी पोचली.

आता हे करायला गेलोच का, तर मागं चार वर्षं जायला लागेल. दुसऱ्या वेळी बायकोचं सिझर झालं, खाजगीत. डॉक्टर बाहेर आले आणि मला आणि आईला विचारलं की ऑपरेशन पण आत्ताच उरकून टाकायचं का. बायको आत शुद्धीवर होती, सिझरला कमरेतनं भूल देतात, माणूस जागं असतं, पण तिला नाही विचारलं, आम्हाला विचारलं. आई लगेच म्हणली नको नको, ही पण मुलगीच झालीय. आणि मी काय म्हणलं? काय नाही. गर्भवतीचा आहार असं एक पोस्टर होतं भिंतीवर, ते वाचत उभा राहिलो, त्यात पालक आणि शेंगदाण्याचा लाडू होता, अजून पाठ आहे.

मग तांबी बसवली, म्हणजे कॉपर टी. तांबी काही जणींना चांगली लागू पडते, हिला नाही पडली, पाळी दहा दहा दिवस चालायची, हिमोग्लोबिन नऊवर आलं, लोहाच्या गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं वेगळंच. ह्या सगळ्यात घरातलं, पाहुण्यातलं, आशाताईंपासून माझ्या बहिणीपर्यंत जो तो एकच विचारणार, वहिनीचं ऑपरेशन कधी करताय. वहिनीचं. ऑपरेशन म्हणलं की ते बाईचंच, असं इतकं पक्कं आहे की मला पण दुसरं काय असतंय हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी काय अडाणी नाही, मोबाईलचा मदरबोर्ड उघडतो रोज. एका रात्री ती म्हणली, दोनदा पोट मी वागवलं, एकदा फाडून पण घेतलं, आता तुमची पाळी. म्हणली आणि पाळी शब्दावर तिचं तिलाच हसू आलं. मला नाही आलं. मला घाम आला.

का आला त्यावर नंतर लय विचार केला. दुखेल म्हणून नाही. मागं आंगठ्याला सोल्डरिंगची गन लागली होती तेव्हा फडकं गुंडाळून काम केलंय, कारण बापय माणसानं आई आई करायचं नसतंय हे लहानपणी कधीतरी आत गेलंय. भीती होती ती बैलाची. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरानं बैल बडवताना, म्हणजे खच्ची करताना, बघितलेला असतोय, माझ्या आजोबांच्या खिल्लाराला बडवला तेव्हा मी सहावीत असेन, चौघांनी पाडला होता. त्यानंतर तो मस्ती करायचा बंद झाला, गप औताला चालायला लागला. तर आपल्याकडं पुरुषाची नसबंदी म्हणलं की प्रत्येकाच्या डोळ्यापुढं तोच बैल येतो, कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र तेवढा बोलला, बडवलेला बैल का रे तू आता.

डॉक्टरला मी हेच विचारलं, सरळ. तरुण पोरगा होता, माझ्यापेक्षा लहान असेल, त्यानं विचारलं शेती आहे का, म्हणलं द्राक्ष. मग म्हणला, मोटर चालू, टाकी चालू, फक्त एका ठिबकच्या लाईनीचा कॉक आम्ही बंद करतो. बैलाची मोटरच मोडतात, इथं मोटरला हात लागत नाही. मर्दानगीचं जे हार्मोन आहे ते त्या नळीतनं जातच नाही, ते गोळीतनं म्हणजे वृषणातनं सरळ रक्तात जातं, त्यामुळं दाढी मिशी आवाज ताकद इच्छा सगळं जिथल्या तिथं. वीर्य पण येतं पूर्वीसारखंच, त्यात शुक्राणूंचा वाटा लय थोडा असतो, तेवढेच येत नाहीत. आयला, दहावीच्या पुस्तकात चित्र होतं ह्याचं, पण मॅडमनी तो धडा घरी वाचा म्हणून सांगितलेलं. पाच स्टार ह्या डॉक्टरला. ठिबकला पण.

आता सर्व्हिसकडं येतो.

केसपेपर काढला. आधार, पासबुक, फोटो ह्यांच्या झेरॉक्स. आधी रक्त लघवी तपासली, बीपी बघितलं, शुगर बघितली. नियम असा की माणूस लग्न झालेला पाहिजे, वय साठच्या आत, आणि कमीत कमी एक मूल एक वर्षाच्या वरचं. मूल मुलगाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण फॉर्म भरून घेणाऱ्यांनी अपत्ये ह्या रकान्यात मुलगे शून्य मुली दोन असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणले दोन्ही मुलीच का, मग घाई कशाला करताय, अजून वय आहे की. चांगल्या मनानं म्हणले हो, चहा पण पाजला नंतर. पण सरकार पैसे खर्च करून लोकांना इथं बोलावतंय आणि टेबलावर बसलेला माणूस म्हणतोय मुलगा झाल्यावर या. ह्याच आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८६७ मुली होत्या, आणि २०१७ ला म्हैसाळला ओढ्याकडेला १९ भ्रूण सापडले ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्या टेबलाला अर्धा स्टार. चहासाठी.

दुसरा प्रश्न आला, मिसेसना आणलं नाही का, त्यांची सही लागेल. मी म्हणलं बरं उद्या आणतो. डॉक्टर मागनं जात होते ते थांबले आणि म्हणले नाही लागत, जोडीदाराची सही नियमात नाही, ऑपरेशन ज्याचं सही त्याची. मग म्हणले बाईच्या ऑपरेशनला पण नवऱ्याची सही नियमानं लागत नाही, तरी सगळीकडं घेतात. हे ऐकलं आणि मला तो शेंगदाण्याचा लाडू आठवला भिंतीवरचा.

बसायची सोय सांगतो. कुटुंब नियोजनाची खोली बाळंतपणाच्या वॉर्डच्या शेजारी, त्यामुळं बाकावर मी आणि अकरा बाया. भिंतीवर स्तनपान, लसीकरण, जननी सुरक्षा. पुरुषांसाठी म्हणून एक कागद दाखवा, नाही. पुरुषांचं बाथरूम त्या मजल्यावर नाही, खाली ओपीडीच्या मागं जायचं, पाठीमागनं उघडा असलेला हिरवा गाऊन घालून. तिथं बसल्या बसल्या कळलं की बायका दर महिन्याला कुठल्यातरी बाकावर अशाच अवघडून बसत असतील, कपडे वर करा म्हणून परक्या माणसानं सांगितलेलं ऐकत असतील, आणि माझी पहिल्या अर्ध्या तासात जीव जायची पाळी आली. एक मावशी होत्या साठीच्या, सुनेसोबत आलेल्या, त्यांनी विचारलं तुझी कोण हाय आत. म्हणलं मीच हाय. त्यांना कळलं नाही, सुनेनं कानात सांगितलं. मग मावशी बराच वेळ गप, आणि मग म्हणल्या आमच्या ह्यांना कुणी सांगितलंच नाही बघ. आवाजात चेष्टा नव्हती. बसायच्या सोयीला दोन स्टार, ते पण मावशींमुळं.

प्रत्यक्ष ऑपरेशन घड्याळात पंधरा मिनिटं. बिनटाका म्हणजे खरंच टाका नाही, ब्लेड पण नाही. एक भुलीचं इंजेक्शन, ते तेवढं झोंबतं, मधमाशी चावल्यासारखं, मग कातडीला एक बारीक भोक पाडतात, त्यातनं नळी बाहेर घेतात, कापून बांधतात, दुसऱ्या बाजूची पण त्याच भोकातनं. दोन चिमटे असतात, एक गोल तोंडाचा, एक टोकदार. ही पद्धत चीनमधल्या ली शुनचियांग नावाच्या डॉक्टरनं १९७४ साली काढली, हे मी नंतर वाचलं. आत ओढल्यासारखं होतं, पोटात गोळा येतो दोन सेकंद. बाकी काय नाही. डॉक्टर विचारत होते, आयफोनची बॅटरी डुप्लिकेट टाकली तर चालते का. मी सांगत होतो की टाकू नका. बाईच्या ऑपरेशनला पोट उघडायला लागतं, छोटं का असेना, भूल जास्त, जोखीम जास्त, आणि २०१४ ला छत्तीसगडमधे बिलासपूरच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली त्यातल्या तेराएक जणी गेल्या. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं असली शिबिरं बंद करायला सांगितली. एवढं सगळं असून किती लोकं कुठलं ऑपरेशन करतात बघा, २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातल्या ४९ बायकांच्या घरात बाईचं ऑपरेशन झालेलं, आणि पुरुषाचं ०.४. शंभर घरात अर्धा माणूस पण नाही. त्याच पाहणीत देशातले ३५ टक्के पुरुष म्हणलेत की गर्भनिरोधक हे बायकांचं काम आहे. उरलेले ६५ टक्के काय करतात मग, तोंडानं नाही म्हणतात आणि गप बसतात, माझ्यासारखं, पोस्टर वाचत.

हे कायम असं नव्हतं बरं का. आण्णा सांगतात, आणीबाणीत १९७६ ला मास्तर लोकांना केसेस आणायचा कोटा होता, बापय माणसं रात्री उसात जाऊन झोपायची. त्या एका वर्षात देशात बासष्ट लाखाच्या आसपास पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, लय ठिकाणी जबरदस्तीनं, आपल्या महाराष्ट्रानं तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात पास केलेला, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून राहिला. त्यात सरकार पडलं. मग पुढच्या कुठल्याच सरकारनं पुरुषाला हात लावायची हिंमत केली नाही आणि सगळं टार्गेट बायकांवर गेलं. म्हणजे पुरुषांवर अन्याय झाला हे खरं, आणि त्याची भरपाई पन्नास वर्षं बायका करतायत हे पण खरं. आण्णांना मी हे म्हणलो तर ते म्हणले, तुझं सगळं बरोबर आहे पण डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम) तोंडावर आलंय, हे आत्ताच काढायचं होतं का.

त्यांचं पण चुकीचं नव्हतं. पुरुष नसबंदीचा सरकारी पंधरवडा असतो २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर, आणि ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागेत तेव्हाच विरळणी आणि डिपिंगची गडबड. द्राक्षपट्ट्यातल्या शेतकऱ्याला ह्या पंधरवड्यात बोलावणं म्हणजे बेंदराच्या दिवशी बैल भाड्यानं मागण्यासारखं आहे. तारखा ठरवणाऱ्याला एक स्टार. पण मला डॉक्टरनी दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड उचलायचं नाही एवढंच सांगितलं होतं, आणि आमच्या बागेत डिपिंगला येणाऱ्या बायकांत एक अशी होती जिचं पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, ती दिवसभर मांडवाखाली हात वर करून घड बुडवत होती आणि मधे मधे पोटाला हात लावत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं हे आत्ताच काढायचं होतं का.

आता लंगोट. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. ऑपरेशन झाल्यावर आधाराला घट्ट लंगोट वापरायला सांगतात. हॉस्पिटलमधे एक पट्टी देतात, ती एकाच मापाची, माझ्या अंगाला ती म्हणजे मोबाईलला पाटीचं कव्हर. घरी आलो आणि आईनं काय न बोलता ट्रंकेतनं आजोबांचा लंगोट काढून दिला. लाल, जाड, पैलवानी. आजोबा तालमीतले, कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या कुस्त्या बघितलेले आणि ते सांगताना रडणारे. लंगोटाला पक्का असणं म्हणजे मर्द, हे आमच्या घरात देव्हाऱ्याइतकं जुनं. तोच लंगोट मी नसबंदीवर बांधून पलंगावर पडलो. आई दारात उभी राहून म्हणली सैल झाला तर सांग, गाठ कशी मारायची ते तुझ्या आज्जीनं मला दाखवलंय. म्हणजे पैलवानाच्या लंगोटाची गाठ घरात बायकांना येत होती, मला येत नव्हती. मुलगीच झालीय म्हणणारी पण हीच आई. तिनं त्या दिवसाबद्दल परत कधी काय काढलं नाही, मी पण नाही.

दोन दिवस दुकान बंद. शटरवर लिहिलं होतं लग्नाला गेलोय. तिसऱ्या दिवशी बसलो, थोडं ओढत होतं, बर्फाची पिशवी काउंटरखाली. खात्यावर हजाराच्या वर काहीतरी रक्कम आली सरकारची. बाईनं ऑपरेशन केलं तर ह्यापेक्षा कमी मिळते. त्रास तिला जास्त, पैसे मला जास्त. सरकारला माहितीय की पुरुषाची समजूत काढायला जास्त खर्च येतो, बाईला समजूत काढायलाच लागत नाही, तिला नुसतं नेऊन झोपवतात. ते पैसे मी बायकोला दिले. तिनं विचारलं हे काय, म्हणलं फरक. तिनं त्यातनं मिक्सरचं भांडं आणलं, माझीच चटणी वाटायला.

आणि कौतुक! हे लय विचित्र होतं. चेष्टा झाली ती झाली, पण गावातल्या शिकलेल्या लोकांनी, भावकीतल्या सुनांनी, माझ्या मेहुणीनं तर स्टेटस ठेवला, असा नवरा सगळ्यांना मिळो. बायको दोन बाळंतपणं, एक सिझर, चार वर्षं तांबी, एवढं करून बसलीय, तिला कुणी स्टेटस नाही ठेवला. माझी पंधरा मिनिटं आणि मी हिरो. खरं सांगू का, मला आवडत होतं ते. दोन दिवस छाती काढून हिंडलो. बायको बघत होती, तिसऱ्या दिवशी म्हणली, आता ही एक नवीन मर्दानगी निघाली का तुमची. उत्तर नव्हतं माझ्याकडं, अजून नाही. पहिले मिशीला ताव होता आता ह्याला आहे.

महत्त्वाचं राहिलं. ऑपरेशन झालं की लगेच मोकळं झालं असं नसतंय. तीन महिने दुसरं साधन वापरायचंच, कारण नळीत जुना माल शिल्लक असतो. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी, त्यात शुक्राणू शून्य आले की मगच सर्टिफिकेट. लय लोकं इथंच चुकतात, तपासणीला जात नाहीत, मग बायकोला दिवस जातात आणि संशय तिच्यावर. म्हणजे चूक बापयाची आणि बोल परत बाईला. लॅबमधे डबी देऊन बाथरूमकडं बोट दाखवलं, कडी मोडकी होती, एका हातानं दार धरायला लागलं, एवढंच लिहितो. रिपोर्ट शून्य आला. परत जोडता येते का, तर येते पण खात्री नसते, त्यामुळं हे कायमचं धरूनच जा. फेल जायचं प्रमाण फार कमी आहे, हजारात एखादं.

शरीराचं म्हणाल तर सहा महिने झाले, काय बदल नाही. ताकद तीच, चिडचिड तीच, घोरणं तेच. बायकोची तांबी काढली, हिमोग्लोबिन साडेअकरा.

तो मित्र, बडवलेला बैल म्हणणारा, परवा दुकान बंद करताना आला. हातात मोबाईल, म्हणला बघ की हँग होतोय. बघितला, काय झालेलं नव्हतं. बसला. तंबाखू मळली, टाकली. मग म्हणला लय दुखतं का रे. म्हणलं मधमाशी. कुठल्या वारी असतं, म्हणलं आधी फोन कर. उठला, शटरपर्यंत गेला आणि परत आला, म्हणला मी विचारलं म्हणून वहिनींना सांगू नको, त्या आमच्या हिला सांगतील आणि मग तिला वाटेल की मी करणारच आहे.

कुणाला जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोचा, पासबुकाची झेरॉक्स दोन घ्या एक ते हरवतात, मोटरसायकलवर एकटे जाऊ नका, येताना मागं बसायला लागतं. आणि लंगोट घरनं न्या.